वाढीव वॉरंटी

कानांवर तो जाड हेडफोन चढवला आणि पहिल्यांदा ऐकू आला तो माझाच श्वास. इतका जवळ, की मागे कुणी उभं आहे की काय म्हणून मी वळून पाहिलं. मागे नुसती भिंत होती आणि तिच्यावर ओळीनं टांगलेल्या गिटारी.

"मावशी, तुमचाच आवाज हाय तो, दचकू नका," तोडकर म्हणाले. "ह्यो माईक कानाचा लई तिखट हाय. टाचणी पडली तरी धरतो. म्हणा आता कायतरी."

कोल्हापुरातलं ते वाद्यांचं दुकान तोडकरांकडे त्यांच्या वडिलांपासून चालत आलेलं. पुढच्या बाजूला तबले, ढोलक्या, पेट्या. आतल्या बाजूला हे नवीन सगळं: माईक, त्याचे स्टँड, वायरींची भेंडोळी आणि माईकचा आवाज कॉम्प्युटरमध्ये नेऊन घालणारी पुस्तकाएवढी एक डबी. त्या डबीला काहीतरी लांबलचक इंग्रजी नाव आहे. या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली, तरी मी तिला डबीच म्हणते.

मी मंगलाष्टकं करते. करते म्हणजे रचतेही आणि म्हणतेही. कऱ्हाडात कुणाचं लग्न ठरलं की आधी हॉल, मग आचारी आणि मग हेंद्रेकाकू मोकळ्या आहेत का ते बघतात, असं आमचे हे होते तेव्हा म्हणायचे. दोन्ही घरच्या माणसांची नावं घ्यायची आणि चालीत बसवायची. 'पांडुरंग' शहाण्यासारखा कुठेही बसतो, 'राजेंद्रकुमार' सगळी जागा अडवतो. जे हयात असतील त्यांचे आशीर्वाद समोरून, जे नसतील त्यांचे वरून. एखाद्या आत्याचं नाव राहिलं तर ती आत्या जेवायला थांबत नाही, म्हणून मी सगळी नावं पुन्हा पुन्हा विचारून घेते.

पूर्वी हॉलमध्ये उभं राहून म्हटलं की काम झालं. अलीकडे मुलींना रेकॉर्डिंग हवं असतं, मागे बासरी-बिसरी लावता येईल असं. मी फोनवर म्हणून पाठवायची. इस्लामपूरच्या एका लग्नात 'शुभमंगल सावधान'च्या नेमक्या जागी आमच्या शेजारणीच्या कुकरची शिट्टी वाजली. अंतरपाटापलीकडे नवरदेव हसला आणि अक्षता उगाच आधीच पडल्या. त्याच दिवशी मी ठरवलं, घरात नीट माईक आणायचा. पैसे माझे, मंगलाष्टकांचेच होते.

रेकॉर्डिंगनं एक अवघड कामही आणलं. लग्न पुढच्या मोसमात आणि घरात कुणीतरी अंथरुणाला खिळलेलं, अशी घरं असतात. मग फोन येतो, "काकू, आजोबांचं दोन्ही प्रकारे करून ठेवाल का?" म्हणजे एकदा समोरचे आणि एकदा वरचे. मी देत असे करून. पहिल्यांदा जीभ अडखळली, मग नाही अडखळली. माणसाला कशाचीही सवय होते.

तर त्या दिवशी मी तोडकरांच्या माईकसमोर एक ओळ म्हटली आणि चाटच पडले. इतकी वर्षं मी जो आवाज घेऊन वावरत होते, तो मला कधी नीट भेटलाच नव्हता. थोडा घोगरा, पण भरलेला. नको म्हणायला जागा नव्हती.

एवढ्यात माझा मुलगा, सुहास, आत आला. गाडी लावायला त्याला जागा मिळत नव्हती.

सुहास विमा एजंट आहे आणि चांगला एजंट आहे. कऱ्हाडातल्या निम्म्या घरांत त्यानं विकलेली पॉलिसी सापडेल. न्हाव्याचं लक्ष जसं आधी डोक्याकडे जातं, तसं सुहासचं लक्ष आधी माणसाच्या वयाकडे जातं आणि वय कळलं की तो मनात मुदत काढतो. माझ्याशी मात्र तो कधी वाकडं वागलेला नाही. त्या दिवशीही हातातलं काम टाकून मला घेऊन आला होता. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकल्यावर लोक त्याला नावं ठेवतात आणि ते मला खपत नाही.

"पसंत पडला का?" त्यानं विचारलं.

"माईकला मी पसंत पडले का ते विचार," मी म्हटलं.

तोडकर हसले आणि सुहासकडे वळले. धंद्यातला माणूस, पैसे कोण देणार हे त्यांनी सुहासच्या खिशातल्या पेनावरून ठरवून टाकलं. "कंपनीची एक वर्साची वॉरंटी हायच, साहेब. पण आपल्याकडं वाढीव बी घेता येती. तीन वर्साची नाहीतर पाच वर्साची. थोडं वरचं भरायचं, मग मधी माईक बिघडला, डबी बिघडली, तर दुरुस्त करून नाहीतर बदलून."

"पाच वर्षं?" मी मध्येच म्हटलं. "अहो, आमचंच आता काय राहिलंय. पिकलं पान."

"असं कसं म्हणताय मावशी? आवाज तर कोवळ्या पानाचा हाय की."

मला ते बरं वाटलं. सत्तरी उलटलेल्या बाईला असं कुणी म्हणायला येत नाही. सुहास काही बोलला नाही. तो खोक्यावरची बारीक अक्षरं वाचत होता.

"आई, तू आणखी थोडं म्हणून बघ," तो वाचता वाचता म्हणाला. "चांगली दोन-तीन कडवी म्हण. घ्यायच्या आधी खात्री नको का?"

"बेस्ट," तोडकर म्हणाले. "मी बटण दाबून ठेवतो. आता ते साठवून ठेवील. मागनं मोठ्या स्पीकरवर समदी मिळून ऐकू. मावशी, तुमचं चालू द्या."

मी पुन्हा हेडफोन घातला, डोळे मिटले आणि सूर शोधायला घसा साफ केला. तेवढ्यात सुहासनं तोडकरांना कोपराला धरून बाजूला घेतलं. बाजूला म्हणजे कुठे, तर जवळच, तबल्यांच्या कपाटाआड. हेडफोन घातलेल्या माणसाला बाहेरचं ऐकू येत नाही असा सुहासचा समज. आणि तोडकरांचं म्हणाल, तर गिऱ्हाईक बाजूला बोलावतंय म्हटल्यावर दुकानदार भाव पाडून मागणार एवढ्याच विचारात असतो. समोरच्या माईकचा दोघांनाही विसर पडला.

"ती वाढीव नको," सुहासचा आवाज माझ्या दोन्ही कानांत आला. तो कुजबुजत होता, आणि मला त्याची जीभ टाळ्याला लागल्याचंसुद्धा ऐकू येत होतं.

"का हो? घ्या की. मावशींचा रोजचा वापर हुणार."

"पाच वर्षं कोण वापरणार आहे? आईची सत्तरी होऊन गेली. वडील गेले तेव्हा तर याहून लहान होते. फार तर वर्ष, दोन वर्षं म्हणेल. मग हे सगळं माळ्यावरच जायचं."

"तब्येत तर ठणठणीत दिसती."

"दिसते हो. पण मी त्याच धंद्यात आहे. आमच्याकडे या वयाला नवी पॉलिसीच निघत नाही." हे तो थोडं हसून म्हणाला. "कंपनीची एक वर्षाची बास झाली. आणि हे तिच्यासमोर नको. तिला सांगा, बघितलं, या माईकला वाढीव लागू नाही."

"बरं," तोडकर म्हणाले.

मला राग आला नाही. नंतरही फारसा आला नाही. लाज वाटली. कडी न लावलेलं दार आपण ढकलावं आणि आत कुणीतरी कपडे बदलत असावं, तशी. हेडफोन काढावा तर ऐकलं हे त्यांना कळणार. राहू द्यावा तर आणखी काय कानावर पडेल कोण जाणे. माझंही कुणीतरी दोन्ही प्रकारे करून ठेवलंय, असं एकदा मनात येऊन गेलं. मग मला जे येतं ते मी केलं. म्हणायला सुरुवात केली.

"आली मंगल वेळ आज सदनी, दारामधे तोरणे..."

पहिल्याच ओळीला आवाज कापला. दुसरी ओळ सवयीनं आपोआप तोंडात आली.

"देती आशिष थोर सर्व जमुनी, लाभो चिरायू तुम्हां..."

ही ओळ मी किती जोडप्यांना म्हटली असेल, गणती नाही. पण त्या दिवशी 'चिरायू'वर येताना माझी मान खाली गेली. ऐकणाऱ्याला वाटलं असतं, बाई स्वतःसाठीच मागतेय.

मी हेडफोन काढला तेव्हा तोडकर समोर येऊन उभे होते. त्यांना माझ्याकडे बघून बोलवेना. ते माईकच्या वायरीकडे बघून बोलले. "मावशी, मी बघितलं. ह्या माईकला ती वाढीव लागू नाही म्हणं."

"असू दे की," मी म्हटलं. "नाही तर नाही."

सुहास हलकेच खांदे सैल करून उभा राहिला. झाकली मूठ सव्वा लाखाची. मी काही बोलणार नव्हते, तो काही बोलणार नव्हता, आणि सामान घेऊन आम्ही घरी गेलो असतो. पण तोडकर मुळात सरळ माणूस. खोटं बोलून झाल्यावर त्यांना काहीतरी गोड केल्याशिवाय राहवेना.

"चला, आता ऐकूया मावशींचा आवाज," ते म्हणाले आणि कॉम्प्युटरकडे गेले.

"नको, नको," मी म्हटलं.

"असं कसं नको? ऐकायलाच तर साठवलंय."

"माझाच आवाज, तो मी काय ऐकायचा?"

दुकानाच्या पुढच्या भागात ढोलकीला शाई लावून घ्यायला आलेले दोघं बसले होते. तमाशात ढोलकी वाजवणारे असावेत, बोलण्यात तसा ठसका होता. त्यांतले थोरले उठून आत आले. "ऐकू द्या की मावशी. मघापास्नं कान टवकारून बसलोय आमी."

"ऐक ना आई," सुहासही म्हणाला. तो आता खुशीत होता. "लाजतेस काय लहान मुलीसारखी?"

मी कुणापायी लाजत होते ते त्याला कसं सांगणार. मला एवढंच कळत होतं की ते बटण दाबलं गेलं तर माझ्या मुलाची चार माणसांत शोभा होणार.

तोडकरांनी बटण दाबलं. भिंतीवरच्या मोठ्या स्पीकरमधून माझं खाकरणं आलं. पुढे काय आहे ते दुकानात मला एकटीलाच ठाऊक होतं. मी आवाज चढवला.

"अहो तोडकर, ही पेटी कितीला हो? आणि त्या झांजा? काशाच्या आहेत की पितळेच्या? आमच्या भजनी मंडळाला हव्या आहेत." आमच्या भजनी मंडळाकडे झांजा ढिगानं पडल्या होत्या. "आणि टाळ? टाळ दाखवा ना जरा."

तोडकर गोंधळून माझ्याकडे बघायला लागले. सुहास म्हणाला, "आई, काय चाललंय तुझं?" थोरल्या ढोलकीवाल्यांनी ओठांवर बोट ठेवलं. "मावशी, जरा दमानं. ऐकू द्या."

वडीलधाऱ्या माणसानं गप्प केलं की आपण गप्प होतो, ही जन्माची खोड. मी क्षणभर थांबले. तेवढ्यात सुहास स्पीकरमधून म्हणाला, "पाच वर्षं कोण वापरणार आहे?"

माईक खरोखरच चांगला होता. एक अक्षर पुसट नव्हतं. तोडकर धडपडत कॉम्प्युटरकडे गेले, आणि गडबडीत बंद करायच्या ऐवजी त्यांनी आवाजाचा खुंटाच फिरवला. "माळ्यावरच जायचं" हे अख्ख्या दुकानात घुमलं. ढोलक्यांची पानंसुद्धा त्यानं थरथरली. मग त्यांना बटण सापडलं.

माझं गाणं वाजायचं राहूनच गेलं. थोरले ढोलकीवाले जाऊन जागेवर बसले आणि दोघंही ओल्या शाईकडे बघत राहिले. सुहासचे कान लाल झाले होते. लहानपणी मार खाताना व्हायचे तसेच.

"मावशी," तोडकर चाचरत म्हणाले, "वाढीव मिळती ह्या माईकला. मी खोटं बोललो. पाच वर्साची मी माझ्याकडनं देतो तुम्हाला. पैसं नकोत."

त्या दिवशीचं सगळ्यात वाईट काय असेल, तर हे. मुलानं मुदत काढली ते एक वेळ सोसलं असतं, पण परक्या माणसानं दया म्हणून पाच वर्षं पदरात टाकावी हे नको होतं.

"छे हो, फुकटचं कशाला?" मी म्हटलं. "आणि त्याचं काय चुकलं? आम्ही पिकली पानं. कधी गळू, काय भरवसा." आणि मी हसले. मी हसल्यावर सगळेच सुटल्यासारखे हसले. सामान बांधलं गेलं, मी पैसे दिले आणि आम्ही निघालो.

पंचगंगेचा पूल मागे पडला. खोकी मागच्या सीटवर होती. सुहासनं एकदा रेडिओ लावला आणि लगेच बंद केला.

"आई."

"हं."

"हेडफोनमध्ये तुला आधीच ऐकू आलं होतं का?"

"आलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं होतं?"

त्यानं पुढचा ट्रक ओलांडला. मग म्हणाला, "मला तसं म्हणायचं नव्हतं."

"तसंच म्हणायचं होतं. आणि हिशोबानं ते बरोबरही असेल. तू तुझ्या कामातला माणूस आहेस."

"पण तूच म्हणतेस ना रोज?" त्याचा आवाज एकदम चढला. त्याला लागलं होतं. "सकाळचा चहा घेताना म्हणतेस, माझं काय, आज आहे उद्या नाही. नवी साडी आणली की म्हणतेस, कुणाच्या अंगाला लागणार आहे. डोळ्यांचं ऑपरेशन करायचं म्हटलं तर म्हणालीस, आता किती बघायचं राहिलंय. आज दुकानातही माझ्या आधी तूच म्हणालीस. मी तुझंच बोलणं बोललो, आई."

खरं होतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, आणि इथे तर दातही मीच दिलेले. मी काचेतून बाहेरचा ऊस बघत बसले.

"म्हणते," मी शेवटी म्हटलं. "आम्ही म्हणायचं असतं रे. आणि तुम्ही 'असं बोलू नकोस' म्हणायचं असतं."

त्यानं गिअर बदलला.

"तुझी आजी मला रोज म्हणायची, आता मला उचल म्हणावं देवाला. मी हातातलं काम न सोडता म्हणायची, असं काय बोलता आई. नुसतं म्हणायची. पण म्हणायची. तू पूर्वी म्हणायचास. कधी सोडलंस ते माझ्याही ध्यानात आलं नाही. आज तो दुकानदार म्हणाला, आणि तू खोकं वाचत होतास."

सुहासनं गाडी कडेला घेतली. एका बंद रसवंतीसमोर थांबवली. स्टिअरिंगवर हात ठेवून तो समोर बघत होता. त्याच्या दाढीत पांढरे केस आले होते, ते त्या उन्हात मला नीट दिसले.

मग मी जे बोलले ते आयुष्यात कुणाजवळ बोलले नव्हते. सासूजवळ माहेरी जायला मागताना माझे पाय कापायचे, पण तेव्हाही इतकी लाज वाटली नव्हती.

"सुहास, मला पाच वर्षं हवी आहेत," मी म्हटलं. "जास्त मिळाली तर जास्तही हवी आहेत."

नवरा गेलेल्या, नातवंडं बघून झालेल्या बाईनं तृप्त असायचं असतं. सगळं मिळालं, आता बोलावणं यावं, असं तिनं चार बायकांत म्हणायचं आणि बायकांनी भाग्याची म्हणून मान हलवायची. मीही म्हणत होते. आणि आत काय होतं? मला सकाळी उठून सूर लावायचा होता. कुणाच्या मामाचं नाव कुठल्या ओळीत बसेल याच्या विचारात भाजी करपवायची होती. हाव काही कमी झाली नव्हती, उलट तो माईक बघून वाढली होती. मुलानं माझं वय काढलं याचं वाईट वाटलं, ते खरं. पण लाज वाटली ती निराळ्याच गोष्टीची. कपाटाआडून तो वर्ष-दोन वर्षं म्हणत होता तेव्हा माझं सगळं अंग 'नको, अजून नको' म्हणून ओरडत होतं. एखाद्या हावरट पोरीनं ताट ओढून धरावं तसं. ते जर त्या माईकनं धरलं असतं, तर मी शरमेनं तिथेच मेले असते.

सुहासनं माझ्याकडे पाहिलं नाही, त्याबद्दल मी त्याची आभारी आहे. त्यानं गाडी सुरू केली, पुढच्या वळणावर फिरवली आणि उलट्या दिशेला लागला.

"कुठे निघालास?"

"वाढीव घ्यायला."

"वेडा आहेस का? सगळ्यांनी ऐकलंय. त्या दुकानात मी परत पाऊल टाकायची नाही."

"तू गाडीत बस. मी घेऊन येतो."

बसताही आलं असतं. पण दुकानासमोर गाडी थांबली आणि दार उघडून आधी मीच उतरले. मला स्वतःचंच नवल वाटलं.

ढोलकीवाले अजून तिथेच होते, शाई वाळत होती. आम्हाला बघून तोडकर उभेच राहिले. त्यांना वाटलं, सामान परत करायला आलो. सुहासनं काय हवं ते सांगितलं तेव्हा त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं आणि मग त्याच्याकडे.

"साहेब, खरं सांगू का? घेऊ नका," ते म्हणाले. "बिघडायचा असला तर पयल्या वर्सातच बिघडतो माईक. त्याच्या फुडं बिघडला तर पडून नाहीतर पाणी जाऊन बिघडतो, आणि त्ये ह्येच्यात बसत नाही. वायर तुटली तर ती बी बसत नाही. मी मघाशी धंदा म्हणून सांगितलं. मावशींस्नी फुकट देत हुतो, त्ये निराळं. पैसं टाकून घ्यायला उपेग नाही."

म्हणजे सुहासचा निर्णय बरोबरच होता. फक्त त्यानं धरलेलं कारण निराळं होतं, माझं वय.

"तरी द्या," सुहास म्हणाला.

तोडकरांनी मान डोलावली, खण उघडला, पेन घेतलं. "किती वर्साची करू? तीन का पाच?"

सुहासनं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. "आईला विचारा," तो म्हणाला.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. तोडकर पेन धरून, सुहास पाकीट धरून आणि ढोलकीवाले मान वळवून. मी काउंटरच्या काचेकडे बघत होते. काचेखाली गिटारीच्या तारांची पाकिटं होती, ती मी वाचत राहिले. वऱ्हाडासमोर नाव घ्यायला उभी केलेली नवरी तरी यापेक्षा धीट असेल.

"पाच," मी म्हटलं.

"किती?" तोडकरांनी कान पुढे केला. त्यांना खरंच ऐकू आलं नव्हतं.

मी पदराचं टोक मुठीत धरलं.

"पाच वर्षांची करा," मी मोठ्यानं म्हटलं.

ते लिहायला लागले. सुहास काउंटरवर वाकला आणि विमा एजंट बोलतात त्या चिकाटीच्या आवाजात त्यांना म्हणाला, "याहून मोठ्या मुदतीची नसते का?"

"नाही हो साहेब. पाचच्या वर कंपनी देत नाही."

"विचारून तर बघा."

"आता विचारून काय—"

"एक फोन लावा. आम्ही थांबतो."

तोडकरांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि खरंच फोन लावला. मी खाली मान घालून उभी होते. पलीकडून काय उत्तर येतंय, ते ऐकायला मी हळूच काउंटरच्या आणखी जवळ सरकले.